फुकटची बस

४ नोव्हेंबर
आज परवाना कचेरीतला साहेब स्वतः आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात आला! म्हणे, मावशी, सीमेवरचं फाटक उघडलंय. पलीकडे कामं आहेत. बस सरकारची, फुकट. तुम्ही तोंडावर बोलता म्हणून लोक तुमचं खरं मानतात. जरा घरोघरी सांगा. पहिली सीट तुमची.
पलीकडे माझी लेक आहे. दिवस भरत आलेत. तीन वर्षं परवान्यासाठी खेटे घालतेय, तेव्हा कुणी बस म्हणालं नाही. आज एकदम मावशी!
असू दे. जाते मी.

५ नोव्हेंबर
सतरा घरं झाली. इस्त्रीवाला म्हणतो, "सरकारची फुकट बस? खाली चाकं आहेत का बघा आधी!" मी झापलं — मग बस इथेच कोळसे फुंकत. आला शेवटी. बायको, दोन पोरी, म्हातारी सासू, सगळी वरात घेऊन.

७ नोव्हेंबर
फाटक बंद. उघडलंच नव्हतं!! पुढे त्यांचे शिपाई, मागे आपले. मागे फिरलं की काठी. आपल्याच एका शिपायाने तार कापून दिली, म्हणाला घुसा. का रे बाबा? तर म्हणे, त्यांनी आपला माल अडवलाय, तुमची गर्दी बघून वठणीवर येतील.
भांडण यांचं, आणि त्यांच्या दारात नेऊन ओतायला आम्ही!

८ नोव्हेंबर
पलीकडून पाण्याचा मारा. सगळे चिंब. इस्त्रीवाल्याच्या सासूला माझी शाल दिली. तिने ढकलून दिली.

११ नोव्हेंबर
म्हातारी गेली. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, "मावशी, पहिली सीट तुमची होती ना?" शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
दोन्ही सरकारांचा समेट झाला म्हणे. माल सुटला. आम्हाला परत बसमध्ये कोंबलं. तार कापणाराच ओरडत होता — "तुम्हाला इथं मरायला सांगितलं कुणी?"

२ डिसेंबर
नात झाली. फोनवर रडणं ऐकलं. लेक म्हणाली, "आई, कधी येतेस गं?" फोन ठेवला.

१९ डिसेंबर
साहेब आला होता. समेट फिसकटला. म्हणे, मावशी, या खेपेला फाटक नक्की. आता नदीकडची वस्ती घ्या, तिकडे तुम्हाला कुणी ओळखत नाही.
दुपारपर्यंत नऊ घरं झाली.