लीलंड काय सांगणार?

३ ऑक्टोबर
हा विसरतोय की लपवतोय? ओळखायचं कसं!

लीलंडला विद्यापीठात बोलावलंय. तीस वर्षं दहशतवाद्यांच्या मागावर काढलीत, त्यातून काय शिकलात ते आमच्या मुलांना सांगा, म्हणे. मी विचारलं, "काय बोलणार आहेस?"

"सांगता येत नाही."

यात नवल ते काय? लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. कुठे निघालास — सांगता येत नाही. परत कधी — सांगता येत नाही. मी विचारणंच सोडलं. इथे मॅक्लीनमध्ये आम्हा सगळ्याच गुप्तहेरांच्या बायकांनी सोडलं.

५ ऑक्टोबर
भर चौकात गाडी थांबवून बसला. मागून हॉर्नवर हॉर्न. "अरे, जायचंय कुठे?" "सांगता येत नाही." हसला. मीही हसले. मग त्याला बाजूला सरकवून गाडी मी घरी आणली.

९ ऑक्टोबर
डॉक्टर हॅल्डेनकडे नेलं.

"नोकरी कुठे होती, मिस्टर प्रूइट?"

"सरकारी."

"म्हणजे नेमकी कुठे?"

"एका इमारतीत."

डॉक्टरांना हसू आवरेना. "बाई, हे तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख आहेत!" अहो, पण उत्तर कुठे दिलं त्याने?

त्याच्या ऑफिसातल्या थॉर्नला फोन केला. "नोरा, आम्ही सगळे असेच गं. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." असेलही. माझंच डोकं फिरलंय का?

१४ ऑक्टोबर
झालं एकदाचं व्याख्यान! मी पहिल्या रांगेत. कागद त्याने खिशातून काढलेच नाहीत. एका मुलीने विचारलं, "सर, एवढ्या वर्षांत चुकलं कुठे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. संपलं, म्हटलं. आता शोभा होणार.

मग म्हणाला, "आम्ही घाबरलो होतो. घाबरून माणसं धरत सुटलो. ज्यांचा संबंध नव्हता, त्यांनाही धरलं. त्यांच्या घरी मुलं होती. ती मोठी होऊन काय करतील, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या थॉर्नने मान खाली घातली. मग टाळ्या — थांबेचनात!

मला रडू कोसळलं. इतकं तर मलाही कधी बोलला नव्हता. ठणठणीत आहे माझा नवरा! मीच वेडी. येताना दोघांनी खेकड्याच्या टिक्क्या चापल्या.

१५ ऑक्टोबर
सकाळी कॉफी नेऊन दिली. तो अदबीने उठून उभा राहिला, माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा ना. नवीन आलात का? कुठल्या विभागात असता तुम्ही?"