दूरचा गडी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं ‘बरं आहे ना, बरं आहे’च्या पुढे जात नाही, आणि अण्णांना तर फोन ऐकूच येत नाही. म्हणून पुन्हा पत्र.

आमच्या लाथाबुक्क्यांच्या कुस्तीच्या व्हिडिओ गेमवर लोक टीका करत नुसते तुटून पडलेत. आजवर दोन गावांतले दोघे खेळायला बसले, की एकाची खबर पोचेपर्यंत दुसऱ्याचा खेळ अडायचा. आम्ही म्हणतो, अडायचंच नाही. दूरचा गडी क्षणापूर्वी जे करत होता तेच करतोय असं धरून चालायचं, आणि खरी खबर वेगळी आली तर गुपचूप मागे जाऊन दुरुस्त करायचं. खेळणारे विचारतात, अंदाज यंत्रानेच ठोकायचे तर आम्ही काय माश्या मारायच्या? एकाने तर मला ज्योतिषी म्हटलं.

दर रविवारी अण्णा तिथून माझ्याशी हा खेळ खेळतात, त्यामुळे जरा धीर आहे. आपल्या घरची इंटरनेटची लाइन इतकी रडकी, की तिथे चाललं तर कुठेही चालेल. शिवाय अण्णा कोपऱ्यात दबा धरून बसतात, बसतात, आणि मग एकच लाथ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या ना, थांबायची सवय आहे! त्यांच्या बाबतीत अंदाज चुकतच नाही. महिनाअखेरीस नावाजलेले खेळाडू तपासायला येणार आहेत. नाही जमलं तर कंपनी ही कल्पना गुंडाळेल, आणि बहुधा मलाही.

लोभ असावा, आणि असला तर पत्र जरा मोठं लिहावं.

तुझा
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मोठं पत्र लिहायला बातम्या नकोत का? दिवसभर चष्म्याच्या काचा घासते. मालक हल्ली दुपारी घरी जातात, मग दुकानात मी आणि भिंतभर चष्मे. सगळे माझ्याकडे बघतात, बोलत मात्र कुणी नाही.

अण्णा मजेत आहेत. बोलणं कमी झालंय एवढंच. रविवारचा खेळ चुकायचा नाही, असं त्यांनीच बजावलंय. आवाज जोडू नकोस म्हणतात, लाइन आणखी रडेल. तू तुझ्या परीक्षेकडे लक्ष दे. आणि ज्योतिषीबुवा, वेळेवर जेवत जा.

इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी.

तुझी
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घात झाला गं. गेले दोन रविवार अण्णांचा पैलवान माझ्या पडद्यावर नुसता झटके खातोय. अण्णा एकाएकी सगळी बटणं बडवायला लागलेत! आम्ही अंदाज धरावा एक, आणि ते करतात भलतंच. दुरुस्ती करायला जावं तर पैलवान इथून गायब आणि तिथे हजर. काल त्याचं रेकॉर्डिंग टीमसमोर लावलं होतं, सगळे खो खो हसले.

त्यांना विचार ना, झालंय काय? की खोट माझ्यातच आहे? इथे कुणाला विचारू? खोलीवर परत आलो की दिवा लावायचाही कंटाळा येतो.

रागावू नकोस. माया कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खोट तुझ्यात नाही, हे मी लिहून देते. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. अण्णांना विचारलं, ते हसले. या रविवारी जरा शांतपणे खेळतील असं बघते.

दिवा लावत जा रे. मला कळतं ते. इथेसुद्धा रविवारचा तो तास संपला की पडदा काळा होतो आणि त्यात आपलंच तोंड दिसतं. अण्णा म्हणतात हं असं, मी नव्हे.

इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी.

तुझी
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तपासणी झाली. पास झालो. त्या बडवाबडवीनेच वाचवलं म्हण. दुरुस्ती करताना पैलवानाला उडवायचं नाही, हळूच सरकवायचं, हे तिच्यामुळे सुचलं. मला ज्योतिषी म्हणणाराच खेळता खेळता उठला आणि समोरचा गडी खरंच दूरच्या गावी आहे की शेजारच्या खोलीत लपवलाय, हे दार उघडून बघून आला. खोली रिकामी होती.

पण आनंद झाला नाही. चूक शोधायला मी रविवारचे खेळ पुन्हा पुन्हा बघत होतो. मी पडलो की समोरचा पैलवान दोन पावलं मागे सरतो आणि मी उठेपर्यंत थांबतो. अण्णा? अण्णा पडलेल्याला आधी लाथ घालतात! पडलेल्याला उठू देणारं माणूस आपल्या घरात एकच आहे. लहानपणी मी हरलो की भोकाड पसरायचो, म्हणून तू अशीच थांबायचीस.

ताई, अण्णांचे हात कुठे आहेत? मी घर सोडलं तेव्हा ते धडधाकट होते आणि तू हसत होतीस. चार वर्षं मी तेच धरून चाललोय. खरी खबर पाठव.

तुझा
धाकटा


६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं ज्योतिषाचं पत्र आलं, त्याच आठवड्यात अण्णांचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, असं त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून बजावलं. मी खेळायचे, ते शेजारी बसून खुणा करायचे. माझं चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायचे.

मला वाईट कशाचं वाटायचं सांगू? तू पैलवान नाचवायचास, हरलास की लोळवायचास, ते सगळं अण्णांसाठी. मी तिथेच होते रे. आठवड्यातून तेवढा एक तास माझ्यासमोर कुणीतरी असायचं, आणि त्याला मी आहे हे ठाऊकच नव्हतं. तू ओळखलंस, ते वाचून दुकानातच रडू फुटलं. मालकांना वाटलं, काचेची धूळ गेली डोळ्यात.

अण्णांना तुझं पत्र वाचून दाखवलं. लाथेचं ऐकून अर्ध्या तोंडाने हसले. मग दाराकडे बघत बसले, अजून बघतायत.

आधीच्या दोन्ही पत्रांत मी लिहिलं होतं, इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. ते मागे घेते.

काळजी असावी. ये.

तुझी
ताई