‘हो गं, घेते’

ती. आईला,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा काय म्हणतो? की तोही बाबांसारखा काहीच बोलत नाही?

आई, कालपासून मी सुन्न आहे. रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्यायची सवय लोकांना कशी लागते, यावर आमच्या औषधांच्या दुकानात संशोधन चाललंय ना, त्यासाठी गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, ‘रोज घेता ना?’ शिवणकाम करणाऱ्या एक आजी माझ्या फार लाडक्या. ‘हो गं, घेते,’ म्हणून गालाला हात लावायच्या. काल त्या काउंटरसमोरच कोसळल्या.

जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडलाय. संध्याकाळी दवाखान्यात भेटले, तर अडखळत म्हणाल्या, ‘गोळ्यांनी चक्कर यायची, म्हणून केव्हाच सोडल्या, नुसत्या विकत नेत होते. पण तू इतक्या मायेनं विचारायचीस, तुझं मन कसं मोडू?’

माझ्या मायेनंच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

दर रविवारी फोनवर मी तुलाही तेच विचारते, आणि तूही ‘हो गं, घेते’ म्हणतेस. फोनवर पुन्हा तेच म्हणशील, म्हणून हे पत्र. घेतेस का, हे आता विचारत नाही. गोळी नकोशी का वाटते, तेवढं लिही. मी रागावणार नाही.

खुशाल माझं मन मोड.

तुझी,
धाकटी