वाकड्या सागाची चकती

पिंप्राळा, जळगाव
२ फेब्रुवारी १९९२

ती. भाऊंस मंजुळेचा शि. सा. न.

सागाची चकती मिळाली. वना सुताराने ती इतकी देखणी केली आहे, की शेजारच्या कमलबाई टीपॉय समजून तिच्यावर कपबशी ठेवून गेल्या. साल काढली, कडेचं पांढरं लाकूड काढलं, वर पॉलिश! भाऊ, झाड दर पावसाळ्याला एक वलय घालतं. सर्वांत बाहेरचं गेल्या वर्षीचं. तेच तासून टाकलं तर मी मोजायला सुरुवात कुठून करू?

चिडून झाल्यावर डायरीतली माझ्याच पत्राची नक्कल पाहिली. ‘स्वच्छ तासून पाठवा’ असं मीच लिहिलं होतं. निम्मी चूक माझी.

तरी सालीसकट दुसरी पाठवा. उतारावरचा तो साग वाकडा कशाने झाला हे कळेपर्यंत उताराखाली तुमच्या रुपचंदच्या घराचा पाया भरू नका. तिथे पूर्वी डोंगराची माती घसरली असावी, असा मला संशय आहे. खात्री असती तर एवढी चिडले नसते.

राग आला असल्यास तोही चकतीबरोबर पाठवावा.
मंजुळा

टेंभपाडा, ता. शिरपूर
११ फेब्रुवारी

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

बुंध्यातून दुसरी चकती कापून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली आहे. वना रुसला. म्हणतो, पांढरं लाकूड भुंगा खातो, ते कोणता सुतार ठेवतो? तुझी वहिनी म्हणते, मंजूबाईले लाकूड वाचता येस, लगननी तारीख वाचता येत नही. वैशाखात रुपचंदचं लग्न, पाया खणून तयार, आणि गवंडी रोज येऊन विडी ओढून जातो.

बठ्ठा गाव एकमुखाने सांगतो, नाल्याला पूर येतो, डोंगर कधी उतरला नाही. मीही तेच सांगतो. महिनाभर थांबतो, मग भरतो.

सोबत ज्वारीचे बिबडे आहेत, भाजून खा. वहिनीने रागावूनच दिले, पण दिले.
सुकदेव

पिंप्राळा
१ मार्च

ती. भाऊंस शि. सा. न.

तीनदा मोजलं. दोनदा जुळलं, एकदा एका वर्षाने चुकलं, म्हणून उत्तर लांबलं. शेवटी बहात्तरच्या दुष्काळाचं वलय सापडलं, दोऱ्याएवढं बारीक. त्यावरून बाकीची वर्षं पक्की केली.

लाकडात दोन जुन्या जखमा आहेत, १९५९ आणि १९३८ सालच्या. आधी वाटलं, कुऱ्हाडीचे घाव असतील. पण जखम भरताना लाकडाने खडे आत घेतले आहेत, आणि दोन्ही वेळा पुढची वलयं एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला दाट. म्हणजे झाड तेव्हा कलंडलं. मार डोंगराच्या बाजूने बसला आहे. पुराचा असता तर नाल्याकडून बसता.

एकाच झाडावर एवढं बोलणं मला रुचत नाही. पुढचं साल कोणतं तेही सांगता येणार नाही, विचारू नका. पण तिथे रुपचंद आणि नवी सून झोपणार. म्हणून लिहिते, तिथे घर नको. वहिनींचं बोलणं मी ऐकून घेईन.

माया आहे तशी ठेवावी.
मंजुळा

टेंभपाडा
९ मार्च

चि. मंजूस आशीर्वाद.

पाया बुजवला. विहिरीजवळच्या टेकाडावर नवा आखला आहे. दार दक्षिणेला येतं म्हणून तुझ्या वहिनीचा दोन दिवस अबोला. गवंडी म्हणतो, या घराला खणायची हौसच भारी.

एकोणसाठ साली मी पंधरा वर्षांचा. श्रावणात म्हैस त्या सागाला बांधली होती. वरून आवाज आला आणि मी पळालो. दावं सोडायला क्षणभर लागला असता. मागे पाहिलं तर दगड-चिखल उतरत होता. घरी आबांना सांगितलं, पुरात दावं तोडून गेली. संध्याकाळी खरंच पूर आला, सगळं धुऊन घेऊन गेला, आणि माझं खोटं खरं ठरलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. पण एकदा होऊन गेलं ते परत कशाला होईल, अशी मनाची समजूत घालून मी तिथे पाया खणला होता. एकोणसाठ मला ठाऊक होतं. अडतीस नव्हतं.

आबा ओसरीवर बसून रोज विचारतात, चांगला खणलेला पाया का बुजवला. मी गुरांना पाणी पाजायला जातो म्हणून उठतो. रविवारी ये. तू शेजारी बसलीस तर सांगेन.

सुकदेव