टाचेचा फोटो

३ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा हलला! डॉक्टरीणबाईंचा निरोप — आजचाही फोटो पुसट, जखमेची कडा दिसत नाही, उद्या नीट पाठवा. सांगायला काय जातंय. सकाळी सातला सासऱ्याच्या टाचेचं बँडेज सोडा, शेजारी फूटपट्टी ठेवा, वाकून फोटो काढा, पाठवा, परत बांधा, आणि पावणेआठला शाळेत हजर! शुगरची जखम, भरता भरत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून रोज दवाखान्याऐवजी हा फोटो. काळी कडा वर सरकली तर पाय काढावा लागेल, असं सांगून बाई मोकळ्या झाल्या.

आणि म्हातारा! जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला ना. माझा फोटो बघून म्हणतो, "मास्तरीणबाई, ही टाच आहे का बटाटा?"

४ सप्टेंबर, मंगळवार

नवरा म्हणतो, तुझा हात जरा जड आहे. मग तू काढ की! तर ह्यांना जखम बघितली की चक्कर येते. माझे डोळे जसे काही दगडाचे. संध्याकाळी नणंदबाईंचा फोन — वहिनी, जरा मनापासून काढत जा. उंटावरून शेळ्या हाकायला तीन तासांवरचं घर बरं पडतं.

५ सप्टेंबर, बुधवार

आज शिकवणी. मी तीस मुलींना गणित शिकवते, मला हा म्हातारा शिकवणार. गुडघा टेक. कोपरं फासळ्यांना चिकटव. श्वास घे, अर्धा सोड, थांब. मग बोट टेकव, खुपसू नको. "टेकव, खुपसू नको" हे अकरा वेळा. मोजले मी. चुकलं की च्यक्! सतरा वर्षं ऐकतेय ते. माझ्या चहाला च्यक्, माझ्या भाजीला च्यक्, माझ्या माहेरच्यांना तर न बघताच च्यक्.

सांगितलं तसं सगळं केलं. फोटो हललेलाच.

६ सप्टेंबर, गुरुवार

हलला.

८ सप्टेंबर, शनिवार

हलला. काल पण. फळ्यावर एका दमात वर्तुळ काढते मी, कंपास लागत नाही. तो हात घरी आला की थरथरतो होय?

डॉक्टरीणबाई आज फोनवर चिडल्याच. अंदाजानं औषध किती दिवस देऊ, तुमच्याकडून हयगय होतेय. हयगय! मी! नळ सोडून न्हाणीघरात रडले. म्हाताऱ्याला ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं. क्षणभर मनात आलं — जाऊ दे एकदाचा तो पाय, माझी सकाळ तरी सुटेल. लिहिलंय ते खोडणार नाही.

१० सप्टेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत सगळे फोटो मोठे करून बघितले. मंगळवारपर्यंतचे सगळेच गेलेले — टाच, चादर, फूटपट्टी, सगळं पुसट. ते माझे. कबूल. पण बुधवारपासूनचे? फूटपट्टीवरची मिलिमीटरची एकेक रेघ मोजून घ्यावी. चादरीची वीणसुद्धा दिसतेय. पुसट आहे ती फक्त टाच!

मी हलत नाही. तो हलतो!

माझा श्वास थांबला की त्याला कळतं, आता बोट टेकणार. तेवढ्यात टाच किंचित सरकवायची. आणि वर च्यक् करायचं! चाळीस वर्षं अख्ख्या गावाला "हलू नका" म्हणत पोट भरलं ह्यानं. नवऱ्यापुढे, नणंदेपुढे, डॉक्टरांपुढे मला नालायक ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा. उद्या बघतेच.

११ सप्टेंबर, मंगळवार

फोन दोन डब्यांच्या मध्ये उभा केला. तीन सेकंदांचा टायमर, आवाज बंद. श्वास चालूच ठेवला, वर वर्गातल्या भांडणाची गोष्ट सांगत बसले. म्हातारा ऐकत राहिला, आणि फोटो असा आला की बस्स. जिंकले! लगेच पाठवून दिला.

मग नीट बघितला. कडा काळी. बोटभर वर चढलेली. रोज बांधताना माझी नजर घड्याळावर, जखम नीट बघितलीच नव्हती.

तरी राग गिळवेना. जुने फोटो त्याच्यापुढे धरले आणि विचारलं, "बाबा, फूटपट्टी कशी काय नाही हलली?"

एकेक फोटो बोटानं सरकवून बघितला. मग म्हणाला, "फोटो नीट आला की पाय गेला. मला कळत नाही होय? टाच रोज आरशात बघतोय."

"मग मला शिकवलंत कशाला?"

"चुकीचं कसं शिकवू?"

मला तसंच धांदरट राहू दिलं असतं, तर सापडला नसता. तेवढं काही जमलं नाही त्याला.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. उद्याच दाखल करा, गुडघ्याखालून काढावा लागेल. आठवडाभर आधी दिसलं असतं तर कदाचित टाचेवर भागलं असतं, म्हणाल्या. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. फोटो कुणामुळे हलला आणि का, तेही नाही. नवऱ्याला वाटतंय माझ्यामुळेच उशीर झाला. वाटू दे. संताप होतोय, पण वाटू दे.

१३ सप्टेंबर, गुरुवार

नऊला आत नेणार होते. त्याआधी बाबांनी मला जवळ बोलावलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "एक काढ. फूटपट्टी नको."

गुडघा टेकला, कोपरं फासळ्यांना, अर्धा श्वास. बाबा अजिबात हलले नाहीत.

फोटो हललाय. त्यांनी हातात घेऊन बघितला. च्यक् केलं नाही. "असू दे," म्हणाले, "हाच ठेव."