नऊ चौतीसला परत येणारी यादी

७ मार्च २००६, मंगळवार

१. सकाळी ११.१० — सुनील सरांनी सांगितलं, वणीच्या निर्यातीच्या द्राक्षबागांची जुनी यादी सर्व्हरवरून काढून टाका. तिच्यात रावजींची बाग फवारणीच्या तपासणीत 'पास' आहे, आणि ती आता बाद झाली आहे. जुनी यादी चुकून छापली गेली तर त्यांचा माल कंटेनरमध्ये चढेल आणि परदेशात अख्खा कंटेनर अडकेल.
२. ११.१५ — डिलीट केली. नकार. फाइल दुसरं कुणीतरी वापरत आहे.
३. ११.२० — कोण ते सर्व्हरवर पाहिलं. तृप्तीचं मशीन.
४. ११.३० — तिला बंद करायला सांगितली. तिने केली. "सॉरी योगिनीताई, सकाळपासून उघडीच राहिली वाटतं."
५. ११.३२ — डिलीट झाली. रिसायकल बिनही रिकामं केलं.

तृप्तीला येऊन चार महिने झाले. बी.ए., आणि वणीतल्या कुठल्याशा क्लासचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट. मी पॉलिटेक्निकची — तीन वर्षं, फर्स्ट क्लास, इथे दोन वर्षं नोकरी. एक एप्रिलपासून आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत. सरांनी दोघींना एकत्र बसवून सांगितलं. एकत्र!

केरू, आमचा शिपाई, मला मॅडम म्हणतो आणि तिला तृप्तीताई. हे लिहून ठेवण्यासारखं नाही. लिहिलं.

८ मार्च, बुधवार

फाइल परत आली आहे.

तेच नाव, तोच आकार. आतला मजकूर फेब्रुवारीचा. पण या जागी तयार झाल्याची वेळ — आज सकाळी ९.३४. म्हणजे कुणीतरी कुठूनतरी कॉपी करून ठेवली.

गंगापूर रोडच्या आमच्या भागात सध्या सकाळचं भारनियमन साडेनऊपर्यंत. लाइट येते तेव्हा ऑफिसात दोघंच असतात, केरू आणि तृप्ती. तिची वणीची एसटी लवकर पोचते. मी दहाला येते. केरूला माउस धरता येत नाही.

१०.०५ ला पुन्हा डिलीट केली. कुणाला सांगितलं नाही.

दुपारी दिंडोरीकडचे तीन शेतकरी आले. मी दाराजवळ बसते, तरी माझ्या टेबलावरून पुढे गेले. "वणीची ताई कुठंय?" मग अर्धा तास त्यांचं चाललं — कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या बोअरला पाणी. तृप्ती सगळं ऐकते आणि मोठ्याने हसते. सरसुद्धा दारात थांबून ऐकत होते. माझ्याशी बोलताना ते घड्याळ बघतात.

९ मार्च, गुरुवार

पुन्हा आली. ९.३३. पुन्हा काढली.

तिला विचारलं, "वणीची जुनी यादी तुझ्याकडे फ्लॉपीवर आहे का?"

"नाही हो ताई. का?"

"सहज."

"चहा सांगू का? तुम्ही काल पण घेतला नाही."

नको म्हटलं.

केरूकडून कळलं — रावजी तिच्याच गल्लीतले, ती त्यांना तात्या म्हणते. म्हणजे कारणही आहे. एक चाचणी राहिली आहे: तिचं मशीन दिवसभर बंद ठेवायचं आणि फाइल येते का बघायचं. त्यासाठी एक दिवस जाईल. गरज वाटली नाही.

१० मार्च, शुक्रवार

आजची वेळ ९.३५. फाइल काढली आणि रिपोर्ट टाइप केला. एक पान. तारखा, वेळा, तेव्हा ऑफिसात कोण होतं, रावजींशी ओळख. विशेषण एकही नाही. सरांनी दोनदा वाचला.

"खात्री आहे?"

"वेळा बघा, सर."

तृप्तीला आत बोलावलं. मलाही उभं राहायला सांगितलं.

"मी कशाला आणू ती परत? तात्या माझ्या गावचे म्हणून?" ती सरांकडे बघत होती, मग माझ्याकडे वळली. "योगिनीताई, तुम्हाला तर कळतं यातलं. तुम्ही सांगा ना."

मी म्हटलं, "वेळा लिहिल्या आहेत."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत येऊ नका, मग कळवतो. तिने डबा पिशवीत घातला. ड्रॉवरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, हातात दिली नाही.

११ मार्च, शनिवार

सर्व्हर बघायला वेळ झाला नाही. सगळे फोन मीच घेतले. सतरा. त्यातल्या नऊ जणांनी तृप्ती आहे का विचारलं. रजेवर आहे, असं सांगितलं. चार जणांनी नंतर करतो म्हणून ठेवला.

खिडकीजवळचं तिचं टेबल आता माझं. उजेड चांगला आहे.

१३ मार्च, सोमवार

फाइल आहे. तयार झाल्याची वेळ शनिवार, ९.३४.

तृप्ती शनिवारी वणीत होती. तिचं मशीन शुक्रवारपासून लावलेलं नाही.

दुपारी रावजी आले. पागोटं, हातात पिशवी. खिडकीजवळ गेले आणि मला बघून थबकले.

"आमची पोरगी कुठं हाय?"

घरी आहे म्हटलं.

"ते ठावं हाय. घरातून भाईर येत नाय ती. काय झालं इथं?"

मी म्हटलं, तुमची बाग बाद झाली, तरी ती पास दाखवणारी जुनी यादी कुणीतरी परत ठेवत होतं.

ते खुर्चीत बसले. "बाई, माझी बाग बाद करा म्हणून मीच आलतो ना सायबाकडं. नमुना दिल्यावर मी एक फवारा मारला. गप बसणार व्हतो. त्या पोरीनं दोन दिवस डोकं खाल्लं माझं — तात्या, सांगून टाका, दुसऱ्यांचाबी माल अडकंल. तीच मला घेऊन आली सायबाच्या दारापर्यंत. आन् तीच यादी परत ठेवंल व्हय?"

त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन गेले.

१४ मार्च, मंगळवार

सापडलं.

गेल्या मे महिन्यात भारनियमनाने दोन फाइली खाल्ल्या, तेव्हा मी आठ ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता. सर्व्हर सुरू झाला की तो दोन्ही ड्राइव्ह ताडून बघतो. कामाच्या ड्राइव्हवर जी फाइल नसेल, ती बॅकअपवरून परत आणून ठेवतो. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, हेही सेटिंग मीच केलं. लाइट ९.३० ला येते. सुरू व्हायला चार मिनिटं.

आमच्या ऑफिसात कुणी काही डिलीट करत नाही. नवी यादी आली तरी जुनी राहू देतात, लागली तर असावी म्हणून. त्यामुळे दहा महिन्यांत हे कधी दिसलंच नाही. पण मला ते दिसायला हवं होतं. ९.३४ बघितल्याबरोबर. सर्व्हर किती वाजता सुरू झाला, हे बघायला एक मिनिट लागतं. मी सहा दिवस बघितलं नाही.

बॅकअपमधली प्रत काढली. मग इकडची. लाइट जाऊन येण्याची वाट न बघता सर्व्हर बंद करून सुरू केला. आली नाही.

१५ मार्च, बुधवार

धुळवड. सुट्टी. आई म्हणाली, चेहरा का असा? कामाचा ताण, म्हटलं.

१६ मार्च, गुरुवार

९.३४ होऊन गेलं. फाइल नाही.

सर म्हणाले, "बघा, ती गेली आणि प्रश्न मिटला. एक तारखेचं पत्र तुमच्याच नावाने करायला सांगतो."

मी 'थँक्यू सर' म्हटलं. मी म्हटलं ते.

कुणालाही कळणार नाही. तो प्रोग्राम या ऑफिसात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. मी पुसला तर तो नव्हताच. आणि खरं सांगायचं तर अजूनही तिचा राग येतो. तिने काहीच केलेलं नाही याचाही येतो.

१७ मार्च, शुक्रवार

दुसरा रिपोर्ट दिला. पहिल्याएवढाच, एक पान. सोबत त्या आठ ओळी छापून.

सरांनी दोन्ही कागद वाचले. मग म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं, तर कळलं असतं कुणाला?"

"नाही."

"मग तिला विचारा येते का. मी नाही विचारणार. तुमचं पत्र थांबवतो."

१८ मार्च, शनिवार

रावजी नवा नमुना द्यायला आले होते. त्यांच्याबरोबर चिठ्ठी पाठवली. नक्कल:

तृप्ती,

यादी तू परत आणत नव्हतीस. माझा प्रोग्राम आणत होता. हे सरांना लेखी दिलं आहे, प्रत सोबत आहे. तपासायला एक मिनिट लागलं असतं. मी तपासलं नाही, कारण उत्तर तूच असावीस असं मला वाटत होतं. तू परत येतेस का, हे सरांनी मला विचारायला सांगितलं आहे. कायम कुणाला करायचं ते आता ठरलेलं नाही, आणि तू आलीस तर मी त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही. टेबल मोकळं केलं आहे.

येणार की नाही, ते गुरुवार २३ तारखेपर्यंत ऑफिसच्या फोनवर कळव. फोन सकाळी केलास तरी चालेल. मी आता साडेनऊला येते.

योगिनी