मुंगीच्या मानेतला देठ

४ सप्टेंबर
सापडली! ओढ्याकाठच्या झुडपात, पानाच्या खालच्या बाजूला. मेलेली मुंगी — जबडा पानाच्या शिरेत घट्ट रुतलेला, मानेतून केसाएवढा काळा देठ बाहेर. बुरशीनं आधी तिला वर चढवलं, मग मारलं, आणि आता तिच्यातून उगवतेय. देठाला टोकाशी फाटा आहे. असा कधी पाहिला नव्हता. नवी जात असेल? पण देठ कच्चा. बीजाणू दिसल्याशिवाय ओळख पटत नाही, आणि कच्चा तोडला की वाढ खुंटली. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंचा नियमच आहे, "पिकेपर्यंत हात लावायचा नाही. जीव कासावीस झाला तरी." पान तिथंच सोडून आले. जीव कासावीस आहे.

६ सप्टेंबर
कच्चाच.

७ सप्टेंबर
नवऱ्याचा फोन. नव्या नोकरीच्या गावी त्यानं भाड्यानं घर घेतलं. मागे मीच बोलून बसले — या मोसमात नवी जात मिळाली तर इथं राहीन, नाहीतर काम सोडून तुझ्याकडे येईन. "मग, काय म्हणते तुझी मुंगी?" पिकत नाही म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

सासूबाई सामान बांधायला लागल्यात. "मेलेल्या मुंगीची रोज विचारपूस करतेस. जिवंत नवऱ्याचीही करत जा अधूनमधून." बोलणं लागलं, कारण खोटं नव्हतं.

१० सप्टेंबर
वारा सुटलाय. पान गळालं तर? शेळीनं खाल्लं तर? दोनदा जाऊन आले. आमटी करपली, सासूबाईंनी पातेलं घासून सरळ सामानात बांधलं.

१३ सप्टेंबर
देठावर पांढरी भुकटी! पिकला! पान डबीत घालून धावतच प्रयोगशाळेत. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू — बारीक, गोल. मुंग्यांवरच्या बुरशांचे सगळे तक्ते पालथे घातले. त्यांचे बीजाणू लांब, दोऱ्यासारखे. असे कुणाचेच नाहीत. नवीच!

नवऱ्याला लगेच फोन केला. म्हणाला, "अभिनंदन." आवाज पडलेला. मला वाईट वाटलं, पण आनंदाएवढं नाही.

१४ सप्टेंबर
बाईंनी काचपट्टी पाहिली, मुंगी पाहिली, परत काचपट्टी. "अगं, ही भुकटी मुंगीतल्या बुरशीची नव्हेच. बुरशीवर दुसरी बुरशी बसलीय. चोरावर मोर."

आणि मी मुंगीच्याच बुरशा धुंडाळत बसले! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. ती वरची बुरशी तर कुठंही सापडते. भुकटी झटकल्यावर देठाच्या फुगवट्यात खरे बीजाणू निघाले, लांब, तेही ओळखीचे. आणि फाटा? टोक मोडलं की फुटतो, म्हणे. म्हणजे दोन्ही बुरशा जुन्याच.

थोडी रडले. मग बाईंना विचारलं, ही दुसरी तिथवर पोचते कशी? वाऱ्यानं की मुंग्यांच्याच पायांनी? त्या म्हणाल्या, "कुणी बघितलंय?" तेव्हापासून डोक्यात तेवढंच घोळतंय. ओढ्यापलीकडचं एकही पान मी अजून उलटलेलं नाही.

१६ सप्टेंबर
त्याला खरं ते सांगितलं. नवी नाही. ठरल्याप्रमाणे मी यायला हवं.

येत नाही म्हटलं.